दुसरा रिमोट

पंचेचाळिशीकडे झुकलेल्या गृहस्थाने ‘मी रात्री संगणकावर खेळतो’ असे चारचौघांत सांगितले, की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू उमटते. ते हसू माझ्या परिचयाचे आहे. कोणी बागकामात रमतो, कोणी बुद्धिबळात. मी गेली पंचवीस वर्षे या छंदात रमलो आहे. खरे सांगायचे तर त्याचा मला थोडा अभिमानही होता. टीव्हीला जोडून खेळायची यंत्रे म्हणजे लहान मुलांची करमणूक आणि संगणक म्हणजे जाणत्यांचे साधन, अशी आम्हा संगणकावर खेळणाऱ्यांची ठाम समजूत असते. गेल्या वर्षी ती समजूत माझ्यापुरती मोडली. ती कशी मोडली हे सांगायचे तर माझ्या धाकट्या बहिणीविषयी सांगावे लागेल.

सांगलीच्या घरातले यंत्र

१९९४ च्या उन्हाळ्यात आमचे अण्णा दुकानासाठी कापड खरेदी करायला मुंबईला गेले होते. येताना त्यांनी एक खोके आणले. त्यात राखाडी रंगाचे एक यंत्र, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट होती. त्या वस्तूचे शास्त्रोक्त नाव ‘व्हिडिओ गेम कन्सोल’ असे असले, तरी आमच्या गल्लीत तिला ‘टीव्ही गेम’ म्हणत. समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी ही यंत्रे त्या काळी घरोघरी दिसत. ज्यांच्याकडे नसत, त्यांची मुले ज्यांच्याकडे असे त्यांच्या ओट्यावर दिसत.

ही सारी यंत्रे एका जपानी यंत्राच्या नकला होत्या, हे मला फार पुढे कळले. क्योटो शहरातील निन्टेन्डो ही मूळची पत्ते तयार करणारी कंपनी. तिची स्थापना १८८९ ची. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तिने एक यंत्र घडवले आणि १५ जुलै १९८३ रोजी जपानच्या बाजारात आणले. त्याचे नाव होते ‘फॅमिली कॉम्प्युटर’, म्हणजे कुटुंबाचा संगणक. दोन वर्षांनी ते दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या रूपात अमेरिकेत गेले. जगभरात त्याचे सुमारे ६ कोटी १९ लाख नग विकले गेले. आपल्याकडच्या आणि इतर देशांतल्या नकला या आकड्यात धरलेल्या नाहीत.

त्या यंत्राची शक्ती आज ऐकली तर हसू येईल. त्याची कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ चाळीस किलोबाइटांत मावतो. आज भ्रमणध्वनीवर काढलेल्या एका छायाचित्राच्या जागेत असे कितीतरी खेळ बसतील. जागेची ही टंचाई शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या हुशारीने निभावली. त्या खेळातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे ही एकच आकृती आहे. फक्त रंग वेगळा. पडद्यावर गर्दी झाली की आकृत्या लुकलुकत, तेव्हा ‘अ‍ॅडॅप्टर तापला’ असे म्हणून आम्ही यंत्र बंद करत असू. वास्तविक एका आडव्या रेषेत आठांहून अधिक हलत्या आकृत्या दाखवणे त्या यंत्राला शक्यच नव्हते. आम्ही बिचाऱ्या अ‍ॅडॅप्टरला उगाच दोष दिला.

बंदूक मात्र आमच्या घरात फार दिवस टिकली नाही. ‘डक हंट’ या खेळात उडती बदके टिपायची असत. आजीने तो प्रकार एकदाच पाहिला आणि म्हणाली, “मनानं मारलं तरी मारलंच की रे.” त्याच संध्याकाळी बंदूक कपाटात गेली. ‘कॉन्ट्रा’ या खेळात तर माणसांवर गोळ्या झाडायच्या असत. पण पडद्यावरच्या त्या ठिपक्यांएवढ्या आकृती माणसांच्या आहेत हे आजीला ओळखू येत नसे, म्हणून तो वाचला. तिच्या नियमातून आम्ही पळवाट काढली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

पहिला आणि दुसरा

मूळ जपानी यंत्राचे दोन्ही रिमोट यंत्राला कायमचे जोडलेले होते. म्हणजे यंत्र घरात आले की दोन माणसांची सोय आपोआप झालेली असे. परंतु ते दोन रिमोट सारखे नव्हते. खेळ सुरू करण्याचे ‘स्टार्ट’ आणि निवड करण्याचे ‘सिलेक्ट’ ही बटणे फक्त पहिल्यावर असत. दुसऱ्यावर ती नसत. आमच्या यंत्रातही तसेच होते. खेळ केव्हा सुरू व्हावा, कोणता व्हावा आणि केव्हा थांबावा, हे पहिला रिमोट ज्याच्या हाती तोच ठरवी. आमच्या घरी तो माझ्या हाती असे, कारण मी मोठा होतो. याहून वेगळे कारण द्यावे असे कधी कोणाला वाटले नाही.

१९९९ साली घरात संगणक आला आणि टीव्ही गेम माळ्यावर गेला. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये मी साम्राज्ये उभारली. पुढे पुण्यात अभियांत्रिकीला असताना वसतिगृहातील संगणक एकमेकांना जोडून आम्ही रात्र-रात्र ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलो. माउसने नेम साधण्यातील अचूकता रिमोटला येत नाही, हे माझे मत आजही कायम आहे. संगणकाने मला जगभरचे प्रतिस्पर्धी दिले, दीर्घ कथा दिल्या, विचार करायला लावणारे खेळ दिले. ते सारे मी नाकारत नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत एक गोष्ट जाणवू लागली होती. नवा खेळ विकत घेतला की पहिला तास तो उतरवून घेण्यात, दुसरा चित्राची प्रत जुळवण्यात जाई. सवलतीत घेतलेले आणि एकदाही न उघडलेले खेळ शेकड्यांनी साठले होते. घरातील सर्व झोपल्यावर कानांवर हेडफोन चढवून मी बसत असे. एकदा माझी कन्या पाणी प्यायला उठली. माझ्या मागे उभी राहून तिने दोन-तीन वेळा हाक मारली म्हणे. मला ऐकू आले नाही.

जुन्या बाजारातील खरेदी

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी तेथे पितळी बंब पाहायला गेलो होतो. एका चादरीवर कुलुपे, पाने आणि बंद घड्याळे यांच्यामध्ये तसेच राखाडी यंत्र दिसले. सांगलीचे आमचे यंत्र घर विकताना भंगारात गेले होते. साडेतीनशे रुपयांत यंत्र, दोन रिमोट, बंदूक आणि तीन कॅसेटी मिळाल्या. एका कॅसेटीवर ‘९९९९९९ खेळ’ असे छापले होते. प्रत्यक्षात मोजून वीस खेळ होते. बाकी सारी त्यांचीच पुनरावृत्ती. लहानपणी जी फसवणूक कळायला महिना लागला होता, ती या वेळी दोन मिनिटांत कळली, आणि तरीही आनंद तेवढाच झाला.

कॅसेट चालेना, तेव्हा जुन्या सवयीने मी तिच्यात फुंकर मारणार होतो. तसे करू नये. फुंकरीतील ओलाव्याने धातूच्या पट्ट्या गंजतात; लहानपणी जो गुण येई, तो फुंकरीने नव्हे, तर कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने. कापसाच्या बोळ्याला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसल्या आणि खेळ सुरू झाला.

नव्या सपाट टीव्हीवर मात्र मन रमेना. चित्र खडबडीत दिसे, आणि बटण दाबल्यावर मारिओ क्षणभर उशिराच उडी मारी, कारण हे टीव्ही चित्रावर संस्कार करून मगच ते दाखवतात. बंदूक तर अजिबात चालली नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदक तो टिपतो, अशी ती युक्ती. तिचा हिशेब जुन्या नळीच्या टीव्हीच्या गतीवर बेतलेला. शेवटी एका दुरुस्तीवाल्याकडून चौदा इंची जुना टीव्ही मिळवला. बंदूक कपाटात ठेवली. तेथेच तिची जागा होती.

त्या टीव्हीसमोर सतरंजीवर बसलो, यंत्राचे बटण सरकवले आणि त्याच क्षणी खेळ सुरू झाला. ना परवलीचा शब्द, ना प्रतीक्षा. मला वाटले, माझे बालपण मला परत मिळाले.

भाऊबीज

दिवाळीत बहीण सोलापूरहून आली. ती तेथे शाळेत गणित शिकवते. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि माझ्या कन्येने आत्याला ओढत त्या टीव्हीसमोर नेले. मी यंत्र सुरू केले, एक रिमोट स्वतः घेतला आणि दुसरा बहिणीच्या हाती दिला. तिने तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि हसली.

“दादा, अजून हाच?”

मला अर्थ कळला नाही. ती म्हणाली, “तुझ्यासाठी ते खेळायचे दिवस होते रे. माझ्यासाठी ते बघायचे होते. मारिओत तू पाऊण-पाऊण तास मरायचा नाहीस. मग माझी पाळी यायची आणि मी पहिल्याच खड्ड्यात पडायचे. की पुन्हा तू.”

“पण कॉन्ट्रा तर आपण बरोबरच खेळायचो,” मी म्हणालो.

“धबधबा आठव,” ती म्हणाली.

आठवला. कॉन्ट्राच्या तिसऱ्या टप्प्यात दोघांनी कड्यावरून उड्या मारत धबधबा चढायचा असतो. जो वर जातो, त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. जो खाली राहतो तो पडद्याबाहेर गेला की मरतो. म्हणजे पुढे गेलेल्याने मागे पाहिले नाही, तर मागच्याला शत्रूची गरजच नाही. मी नेहमी पुढे जात असे आणि ‘तूच हळू आहेस’ असे तिला सांगत असे. तिला तीस वर्षे आठवत राहिलेली गोष्ट मी साफ विसरलो होतो.

“आणि संगणक आला, तेव्हा तर दुसरा रिमोटच राहिला नाही,” ती सहज म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. तक्रार असती तर उत्तर देणे सोपे गेले असते.

मी पहिला रिमोट तिच्यापुढे केला. तिने तो घेतला आणि खेळ सुरू होण्यापूर्वी, बोटांकडे न पाहता, बटणे दाबली: वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए, सिलेक्ट, स्टार्ट. दोघांनाही प्रत्येकी तीस जीव मिळाले. हा संकेत काझुहिसा हाशिमोतो या जपानी निर्मात्याने ‘ग्रॅडियस’ या खेळासाठी, तो स्वतःलाच फार अवघड वाटला म्हणून, योजला होता. पुढे तो इतर खेळांतही गेला. आमच्या घरात तो मला येत होता अशी माझी आठवण होती. बहिणीने तीही दुरुस्त केली. “मी म्हणायचे आणि तू दाबायचास. बघत बसणाऱ्याला दुसरं काय काम असतं? सगळं पाठ होतं.”

आम्ही धबधब्यापर्यंत पोहोचलो. मी मुद्दाम सावकाश चढू लागलो. बहीण सावकाश चढली नाही. ती भराभर वर गेली, पडदा सरकला आणि मी मेलो. पुन्हा मेलो. पाचव्या वेळी ती इतकी हसली, की तिच्या हातून रिमोट सुटला. नंतर मात्र ती एका कड्यावर थांबली आणि म्हणाली, “ये.” मी तेथे पोहोचल्यावर पुढचा कडा आम्ही एकदम चढलो. माझी कन्या मागे उभी राहून हे पाहत होती. “आत्या, आता मी,” ती म्हणाली, तेव्हा मी माझा रिमोट खाली ठेवला.

संगणकावर मी आजही खेळतो, पण हेडफोन एका कानावरच ठेवतो. रविवारी संध्याकाळी सतरंजी अंथरली जाते आणि पहिला रिमोट पाळीपाळीने फिरतो. हा नियम कन्येने केला आहे आणि तो मोडण्याची सोय तिने ठेवलेली नाही.

वाचकहो, जुन्या वस्तूंकडे परतताना आपण आपले बालपण शोधत असतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु माझे सुख जेथे होते तेथेच माझ्याशेजारी कोणीतरी आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेले होते, हे मला एका साडेतीनशे रुपयांच्या यंत्राने दाखवले. आपल्याही माळ्यावर असे एखादे यंत्र, कॅरम बोर्ड किंवा पत्त्यांचा जोड असेल. तो जरूर खाली काढा. पण खेळायला बसण्यापूर्वी त्या काळी शेजारी बसणाऱ्या भावंडाला बोलवा आणि त्याला काय आठवते ते आधी ऐका.