अभयारण्याच्या समितीत गावाच्या तीन जागा

शेतकरी बंधूंनो, पाटणपासून शिराळ्यापर्यंत गवा-रानडुक्कर पिकात शिरले की पंचनाम्यासाठी पळापळ आपली. पण जंगलाच्या कारभारात बोलणारी माणसं कोण निवडतं, हे कधी विचारलंय?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वर मुंबईत राज्य वन्यजीव मंडळ आहे. मुख्यमंत्री अध्यक्ष, वनमंत्री उपाध्यक्ष. विधिमंडळाचे तीन सदस्य, संस्थांचे तीन प्रतिनिधी, दहा जाणकार; पैकी किमान दोन अनुसूचित जमातींचे. हे सारे शासन नेमतं. तिथं मतदान नाही.

कोयनेसारख्या अभयारण्यासाठी मात्र कायद्यात सल्लागार समितीही आहे. अध्यक्ष वरिष्ठ वनाधिकारी. सोबत स्थानिक आमदार आणि पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी. आसपासच्या लोकांचा सहभाग कसा घ्यावा, हे सुचवणं तिचं काम. नेमणूक इथंही शासनाचीच. म्हणून गप्प बसलं, तर नावं परस्पर ठरतील.

सरपंच-सदस्य मंडळी, पुढच्या ग्रामसभेत विषय घ्या. आपले ते तिघे कोण, हे वनखात्याला लेखी विचारा. जागा रिकामी असेल, तर ठरावानं नाव सुचवा. शिराळकरांनी आपलं गाऱ्हाणं आमदारांमार्फत राज्य मंडळापुढं न्यावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. तो माणूस बैठकीत हवा.