पिकअप घेताय? आधी धूर पाहा
तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैली घाट भरल्या पिकअपची खरी परीक्षा घेतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. आतली हवा 15 ते 20 पट दाबली गेली की 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. कमी फेऱ्यांतही या इंजिनाची ओढ जबर; नंदुरबारच्या बाजारात मिरचीची पोती आणायला तीच कामी येते.

जुनी गाडी बघताना इंजिन थंड असतानाच सुरू करायला लावा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबला नाही, तर मी तरी ती गाडी घेणार नाही.

आणि कळकळीची विनंती: मालाच्या हौद्यात माणसं बसवू नका.