खोल्या बांधल्या, घर कुठे?

बारावीचा निकाल लागला, की बेंबळीसारख्या गावाच्या एसटी थांब्यावर एक दृश्य हमखास दिसे. पत्र्याची पेटी, सतरंजीची वळकटी, आईने बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि शेजारी भांबावलेला मुलगा. आता पेटी जाऊन बॅग आली, मुलांबरोबर मुलीही निघाल्या. भांबावलेपण मात्र तेच आहे. लातूर, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्या या मुलांना फीची चिंता असते, तशीच ‘तिथे आपले कोण?’ ही चिंताही असते. तिचे उत्तर वसतिगृहाने द्यायचे असते.

महाराष्ट्राला हे फार पूर्वी उमगले होते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पाठोपाठ निरनिराळ्या जातीधर्मांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात पाय टेकायला जागा मिळाली. पण छपरे वेगळी, म्हणून चुलीही वेगळ्या राहिल्या. अशाच एका वसतिगृहातले विद्यार्थी भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला गेले. परतल्यावर आंघोळ करून ‘शुद्ध’ व्हायला त्यांनी नकार दिला आणि राहती जागा गमावली.

याच भाऊरावांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. मुलांनी आपली कामे आपण करायची आणि एका पंक्तीत जेवायचे, हा तिथला शिरस्ता. या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा! एकत्र राबणारे हात परके राहत नाहीत, हे त्या घराचे शहाणपण होते.

इमारतही या कामाला हातभार लावू शकते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची वसतिगृहे आखताना वास्तुकार लुई कान यांनी लांबलचक बोळ टाळले. जिना आणि चहाची खोली मध्ये ठेवून भोवती दहा-दहा खोल्यांचे गट गुंफले. येता-जाता शेजाऱ्याशी गाठ पडणारच!

आज मात्र आपण किती खाटा मावतील, एवढेच मोजतो. एक बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारे आणि दाराआड मोबाइलमध्ये बुडालेली एकेकटी मुले. यावरचा उपाय फार खर्चिक नाही. दहाबारा खोल्यांना मिळून एक बैठक, बसता येईल असा रुंद ओटा, विद्यार्थ्यांनी मिळून चालवलेली खानावळ. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळीच बंद होते. तिथे तर आतले अंगण अधिकच हवे.

मध्यरात्री ताप भरला तर कोणाचे दार ठोठवायचे, हे ज्याला ठाऊक आहे, तो मुलगा शिक्षण अर्धवट टाकून गावाकडच्या एसटीत सहसा बसत नाही. वसतिगृहाची खरी परीक्षा तीच!