नॉर्स संस्कृतीतील शृंगपात्र : निवड, वापर व जतन

प्रस्तावना

नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड या उत्तर युरोपीय प्रदेशांतील प्राचीन व मध्ययुगीन समाजास सामान्यतः 'नॉर्स' असे संबोधले जाते. इ.स.च्या आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकापर्यंतचा त्यांचा कालखंड 'व्हायकिंग काळ' म्हणून परिचित आहे. या समाजाच्या मेजवान्यांत मद्यपानासाठी वापरले जाणारे गुरांच्या शिंगाचे पात्र, म्हणजेच शृंगपात्र, ही त्या संस्कृतीची एक ठळक खूण होय. संग्रहालये, ऐतिहासिक मेळावे आणि दूरचित्रवाणी मालिका यांमुळे अलीकडे शृंगपात्राच्या प्रतिकृतींना पुन्हा मागणी निर्माण झाली आहे. मात्र विकत घेतलेले शिंग काही महिन्यांतच कुबट वास येऊन, तडकून किंवा कसर लागून निरुपयोगी झाल्याचे अनेकदा आढळते. शिंगाकडे काचेच्या वा धातूच्या पेल्याप्रमाणे पाहिले जाते, हे त्याचे मुख्य कारण आहे.

वस्तुतः शृंगपात्राची दोन वैशिष्ट्ये त्यास इतर पात्रांपासून वेगळे करतात. एक म्हणजे ते प्राणिज व नाशवंत द्रव्याचे बनलेले असते. दुसरे म्हणजे ते भरलेल्या अवस्थेत खाली ठेवता येत नाही. त्याची निवड, वापर व जतन यांचे सर्व नियम, तसेच नॉर्स समाजातील त्याचे स्थान, याच दोन वैशिष्ट्यांतून समजून घेता येते. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने या पात्राचा विचार केला आहे.

शिंगाचे नैसर्गिक स्वरूप

मराठीत 'शिंग' हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. सांबर, चितळ इत्यादी मृगवर्गीय प्राण्यांची फांद्यांसारखी शिंगे ही भरीव हाडाची असतात आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. गाय, बैल, म्हैस, शेळी यांची शिंगे मात्र कायमची असतात. त्यांच्या आत हाडाचा गाभा असून त्यावर केराटिन या प्रथिनाचे कवच असते. नखे, केस व खूर हेही केराटिनचेच बनलेले असतात. प्राण्याच्या मृत्यूनंतर गाभा वेगळा केला की आतून पोकळ व टोकाशी भरीव असे कवच शिल्लक राहते. शृंगपात्र केवळ या दुसऱ्या प्रकारच्या शिंगापासूनच होऊ शकते.

केराटिन उष्णतेने मऊ होते. याच गुणामुळे कारागीर शिंग तापवून सपाट करतात व त्याच्या फण्या, गुंड्या, मुठी तयार करतात. परंतु पात्राच्या दृष्टीने हाच गुण दोष ठरतो. शिवाय शिंग हे थरांनी बनलेले असल्याने हवेतील ओलावा वारंवार कमी-अधिक झाल्यास हे थर सुटू लागतात.

पुरातत्त्वीय पुरावा

शृंगपात्राची परंपरा व्हायकिंग काळापेक्षा पुष्कळ जुनी आहे. जर्मनीतील होखडॉर्फ येथील केल्टिक सरदाराच्या इ.स.पूर्व सहाव्या शतकातील दफनस्थळी ९ शृंगपात्रांचा संच मिळाला. त्यांपैकी एक लोखंडाचे असून त्याची धारणाक्षमता सुमारे साडेपाच लिटर आहे. इ.स.पूर्व पहिल्या शतकात ज्युलियस सीझरने आपल्या गॉलमधील युद्धांच्या वृत्तांतात जर्मनीच्या अरण्यातील 'ऑरॉक्स' या रानबैलाचे वर्णन केले आहे. तेथील लोक या रानबैलाच्या शिंगांच्या काठांना चांदी मढवून ती मोठ्या मेजवान्यांत पेले म्हणून वापरतात, अशी नोंद त्याने केली आहे. हा रानबैल पुढे नामशेष झाला. पोलंडमधील याक्तोरोव येथील अरण्यात त्याची अखेरची ज्ञात मादी इ.स. १६२७ मध्ये मरण पावली.

इंग्लंडमधील सटन हू येथे १९३९ मध्ये झालेल्या उत्खननात सातव्या शतकाच्या प्रारंभीच्या नौकादफनात ऑरॉक्सच्या शिंगांच्या दोन भव्य पात्रांचे अवशेष मिळाले. त्यांची सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची जडावाची कामे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. स्कँडिनेव्हियातही हेच चित्र दिसते. व्हायकिंग काळातील प्रत्यक्ष शिंगे क्वचितच टिकली आहेत. मात्र त्यांच्या काठांच्या धातूच्या पट्ट्या व टोकांवरील टोपणे उत्खननांत मोठ्या प्रमाणावर सापडतात. पोळ्याच्या सणाला महाराष्ट्रातील शेतकरी बैलांच्या शिंगांच्या टोकांना ज्या पितळी शेंब्या बसवितात, त्यांच्याशी या टोपणांचे रूपसाम्य सहज लक्षात येते. मात्र नॉर्स शेंबी जिवंत जनावराच्या नव्हे, तर पात्राच्या टोकाची शोभा होती. धातू टिकला आणि शिंग मातीत मिसळून गेले, ही वस्तुस्थितीच या द्रव्याच्या नाशवंतपणाची सर्वांत मोठी साक्ष आहे.

या संदर्भात डेन्मार्कमधील गालेहुस येथे १६३९ व १७३४ मध्ये सापडलेल्या पाचव्या शतकाच्या प्रारंभीच्या दोन सुवर्णशृंगांचा उल्लेख आवश्यक ठरतो. त्यांपैकी एकावर रून लिपीत घडविणाऱ्याचे नाव कोरलेले होते. ती पिण्यासाठी होती की वाजविण्यासाठी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १८०२ मध्ये ती चोरीस गेली व चोराने ती वितळवून टाकली. आज केवळ रेखाटनांच्या आधारे केलेल्या प्रतिकृती उपलब्ध आहेत.

वाङ्मयातील शृंगपात्र

शृंगपात्र खाली ठेवता येत नसल्याने ते एक तर रिकामे करावे लागते किंवा पुढच्याच्या हाती द्यावे लागते. नॉर्स वाङ्मयातील या पात्राचे प्रसंग याच वास्तवाभोवती रचलेले दिसतात. स्नॉरी स्टर्लुसन याच्या तेराव्या शतकातील 'गद्य एड्डा' या ग्रंथात थॉर या देवाची कथा येते. उटगार्डा-लोकी हा यजमान त्याच्यापुढे एक शिंग ठेवतो. चांगला पिणारा ते एका दमात, काही जण दोन दमांत संपवितात आणि तीन दमांत संपवू न शकणारा कोणीच नाही, असे तो सांगतो. थॉर तीनदा प्रयत्न करूनही अपयशी ठरतो. कारण शिंगाचे दुसरे टोक समुद्रात असते. त्याच्या पिण्यामुळेच समुद्रास ओहोटी येऊ लागली, असे ही कथा सांगते. कथा दैवी असली, तरी एका दमात पात्र रिकामे करणे हे पौरुषाचे लक्षण मानले जाई, हे तीतून स्पष्ट होते.

स्नॉरीच्याच 'हाइम्सक्रिंगला' या राजचरित्रग्रंथात दहाव्या शतकातील नॉर्वेचा ख्रिस्ती राजा हाकोन याचा प्रसंग आहे. यज्ञीय मेजवानीत सिगुर्ड हा सरदार ओडिन देवाच्या नावे अभिमंत्रित केलेले शिंग राजाच्या हाती देतो. राजा त्यावर क्रुसाची खूण करतो. शेतकरी संतप्त होतात, तेव्हा राजाने थॉरच्या हातोड्याची खूण केली, असे सांगून सिगुर्ड वेळ निभावून नेतो. हाती आलेले शिंग नाकारणे म्हणजे समाजाचे बंधन नाकारणे, असा अर्थ येथे अभिप्रेत आहे. 'एगिल सागा' या ग्रंथात एगिल हा कवी विष कालवलेल्या शिंगावर रून कोरून त्यावर आपले रक्त चोपडतो आणि ते शिंग फुटते. यजमानाने दिलेल्या पात्रावरील विश्वास किती मोलाचा होता, हे या प्रसंगातून दिसते.

व्हायकिंग लोक शत्रूच्या कवटीतून मद्य पीत, हा प्रचलित समज मात्र निराधार आहे. एका जुन्या काव्यात शिंगास कवटीतून उगवलेल्या वाकड्या फांद्यांची उपमा होती. इ.स. १६३६ मध्ये डॅनिश विद्वान ओले वॉर्म याने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील लॅटिन रूपांतरात या रूपकाचा विपर्यास होऊन कवट्यांचाच अर्थ घेतला गेला. म्हणजे या भयंकर कल्पनेच्या मुळाशी साधे गुराचे शिंगच आहे.

निवड

शृंगपात्र निवडताना पुढील बाबींचा विचार करणे इष्ट ठरते.

पहिली बाब आकाराची. व्हायकिंग काळातील बहुतेक शृंगपात्रे पाळीव गुरांच्या शिंगांची असून त्यांत अर्ध्या लिटरहून काहीसे कमी द्रव मावत असावे. अतिविशाल शिंग दिसण्यास आकर्षक असले, तरी भरल्यावर जड होते व त्याच्या टोकापर्यंत हात वा ब्रश पोहोचत नाही. नित्य वापरासाठी रुंद तोंडाचे व मध्यम वळणाचे शिंग अधिक सोयीचे असते.

दुसरी बाब जातीची. बाजारातील गडद काळी शिंगे बहुधा म्हशीची असतात. भारतातही शिंगकामाची मोठी परंपरा असून उत्तर प्रदेशातील संभल हे त्याचे प्रसिद्ध केंद्र आहे. म्हशीचे शिंग टिकाऊ असते. परंतु व्हायकिंगकालीन स्कँडिनेव्हियात म्हैस नव्हती. ऐतिहासिक यथार्थता हवी असल्यास गाय-बैलाचे, फिकट व गडद छटांचे मिश्रण असलेले शिंग निवडावे. वन्य प्राण्यांची शिंगे बाळगण्यावर भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये कडक निर्बंध आहेत; म्हणून शिंग पाळीव जनावराचेच असल्याची खात्री करणे अत्यावश्यक आहे.

तिसरी बाब स्थितीची. शिंग उजेडासमोर धरल्यास भेगा व पातळ झालेले भाग दिसून येतात. आत नाक नेऊन वास घ्यावा. कुजट वास येत असल्यास हाडाचा गाभा वा त्यालगतचे ऊतक नीट काढलेले नाही, असे समजावे. त्यानंतर पाणी भरून काही वेळ धरावे व टोकाशी गळती होते का, हे पाहावे. वाजविण्याच्या शिंगाच्या टोकास छिद्र असते. असे शिंग पिण्यासाठी चालत नाही.

चौथी बाब अस्तराची. शिंगाचा आतील भाग मधमाश्यांचे मेण, वृक्षांची राळ, लाख किंवा आधुनिक खाद्ययोग्य लेप यांनी बंदिस्त केलेला असतो. कोणते अस्तर आहे, हे विक्रेत्यास विचारणे अगत्याचे आहे. कारण वापराच्या मर्यादा त्यावरच ठरतात. लेप खाद्ययोग्य नसल्यास ते शिंग केवळ शोभेसाठी ठेवावे.

वापर

नवे शिंग प्रथम कोमट पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे आणि पूर्ण वाळू द्यावे. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. त्यामुळे चहा, कॉफी वा उकळते पाणी मेणाच्या अस्तरास घातक असते. अस्तर कोणतेही असले, तरी उकळत्या पाण्याने मूळ शिंगाचा आकार बिघडू शकतो. लाख मद्यार्कात विरघळते. म्हणून लाखेचे अस्तर असलेल्या शिंगात तीव्र मद्य ओतू नये. मधापासून आंबवून केलेले 'मीड' हे पारंपरिक पेय, बिअर, सरबत किंवा थंड पाणी यांसाठी शृंगपात्र योग्य असते. दुधाचा व गर असलेल्या फळरसाचा अंश टोकाशी साचून कुजतो, म्हणून ते टाळणे श्रेयस्कर.

पिण्याची पद्धतही समजून घ्यावी लागते. टोक वर करून शिंग एकदम उपडे केल्यास वळणातील द्रव टोकाकडे हवेस जाऊ देत नाही. मग हवा अचानक आत शिरते आणि उरलेला द्रव एका लोंढ्याने पिणाऱ्याच्या तोंडावर येतो. टोक बाजूला किंवा खाली वळते ठेवून शिंग हळूहळू फिरवत कलते केल्यास हवा क्रमाने आत जाते व द्रव संथपणे येतो. भरलेले शिंग ठेवण्यासाठी लाकडी वा धातूचे आधारपीठ वापरता येते. उत्तर मध्ययुगात युरोपातील काही शृंगपात्रांना धातूचे पायच जोडले गेले. तेव्हापासून ही पात्रे मेजावरील वैभवाची वस्तू बनली. हातोहात फिरण्याची तिची सक्ती तेथे उरली नाही.

जतन

वापरानंतर शिंग लगेच धुणे हा जतनाचा पहिला नियम होय. लांब दांड्याच्या मऊ ब्रशने टोकापर्यंत स्वच्छता करावी. वास राहिल्यास पाण्यात थोडा खाण्याचा सोडा मिसळून धुवावे. भांडी धुण्याचे यंत्र, मायक्रोवेव्ह आणि रात्रभर पाण्यात भिजत ठेवणे ही तिन्ही वर्ज्य होत. धुतलेले शिंग तोंड खाली करून टांगावे, म्हणजे टोकाशी ओल राहत नाही. पूर्ण वाळण्यापूर्वी ते पेटीत बंद करू नये.

बाहेरील पृष्ठभाग कोरडा पडल्यास त्यास अधूनमधून जवसाच्या तेलाचा किंवा मेणाचा अतिशय पातळ हात द्यावा. थेट ऊन, चुलीची वा हीटरची धग यांमुळे भेगा पडतात. बारीक भेगेत कोमट, मऊ मेण भरता येते. मात्र थर सुटू लागलेले शिंग पिण्यासाठी वापरणे थांबवावे. काठास पितळ वा तांब्याची पट्टी असल्यास आंबट पेये त्यात साठवू नयेत, कारण आम्लाशी संयोग होऊन हिरवा गंज तयार होतो. काही पतंगांच्या अळ्या व भुंगेरे लोकर, केस यांप्रमाणेच शिंगही खातात. म्हणून साठवणीतील शिंगाची ठरावीक काळाने पाहणी करावी; बारीक छिद्रे किंवा भुसा आढळल्यास ते इतर वस्तूंपासून तत्काळ वेगळे करावे.

समारोप

शृंगपात्र हे काच, चिनीमाती किंवा पोलाद यांप्रमाणे निष्काळजीपणा सहन करणारे पात्र नाही. सटन हू येथील चांदी टिकली, शिंगे मात्र अवशेषरूपानेच उरली. काळाने जे केले, ते अयोग्य वापरामुळे काही महिन्यांत घडू शकते. त्याच वेळी हेही लक्षात येते की, खाली ठेवता न येणे हा या पात्राचा दोष नसून त्याचा सामाजिक गाभा होता. यजमानाने ते भरले, अतिथीने ते स्वीकारले आणि रिकामे करून परत दिले किंवा शेजाऱ्याच्या हाती सोपविले, यातून शपथ, आतिथ्य व विश्वास यांचे बंध दृढ होत गेले. आज प्रतिकृती वापरणाऱ्याने द्रव्याचे स्वरूप ओळखून निवड केली, तत्परतेने स्वच्छता राखली आणि हे पात्र एकट्याने मिरविण्याचे नसून हातोहात देण्याचे आहे, हे जाणले, तर नॉर्स परंपरेची ही खूण केवळ भिंतीवरील शोभेची वस्तू न राहता वापरातील वस्तू म्हणून दीर्घकाळ टिकू शकेल.