न दिसणारा मिलिमीटर

गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाकडे जाताना खिडकीतून रान दिसू लागले, की आपण शहरातली माणसे हमखास म्हणतो, “काय कसदार जमीन असेल!” रान दाट म्हणजे माती सकस, ही आपली समजूत. वस्तुतः अशा रानाचा बराचसा कस वरच्या पालापाचोळ्याच्या पातळ थरात असतो. झाडे तोडली, की थोड्याच पावसाळ्यांत तो ओसरतो. भामरागडच्या माडियांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांची जुनी पेंडा शेती काही वर्षांनी जागा बदलून पहिल्या जागेला विश्रांती देत असे.

१९८२ पर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हा एकच जिल्हा होता. तिथल्या धान पिकवणाऱ्यांची पारख आपल्याहून पुष्कळ बारीक. कन्हार, मोरंड, खरडी, बरडी अशी मातीची नावेच त्यांच्याकडे आहेत. कन्हार पाणी धरते, बरडी सोडून देते. इंग्रजी अमदानीतल्या जमाबंदीच्या साहेबांनीही असली नावे आपल्या दप्तरात घेतली.

मग शास्त्राने अधिक काय सांगितले? हिशेब सोपा आहे. एक हेक्टर शेतावरून एक मिलिमीटर माती वाहून गेली, तर ती भरते दहा घनमीटर, म्हणजे सुमारे १३ टन! इतकी झीज डोळ्यांत कशी भरावी? १९८३ साली ध्रुवनारायण आणि रामबाबू या शास्त्रज्ञांनी साऱ्या देशाची सरासरी धूप हेक्टरी वर्षाला १६.३५ टन धरली. खोल जमिनीलाही सोसवते ती ११ टनांच्या आसपास. बांध घातलेल्या धानाच्या बांधीत धूप कमी, उघड्या उतारावर जास्त, हे ओघानेच आले.

शेत झिजलेले दिसत नाही. गावचा मामा तलाव उथळ झालेला मात्र चटकन दिसतो. पण तलावातला गाळ म्हणजे वरच्या शिवारातून उतरलेली मातीच! २०१७ पासून सरकारी योजनेतून तो उपसून पुन्हा शेतात नेला जाऊ लागला.

दुसरी फसगत पिकाच्या रंगाची. धानाची पात पिवळसर पडली, की युरियाचे पोते उघडावेसे वाटते. उणीव जस्ताची असेल, तर पोत्याचे पैसे पाण्यात. धानाचा ‘खैरा’ रोग जस्ताअभावी होतो, हे पंतनगरला १९६६ साली उमगले. २०१५ साली आलेली मृदा आरोग्य पत्रिका जस्तासह बारा गोष्टी तपासून सांगते.

म्हणून डोळ्यांना कमी लेखू नये. त्याच १९८३ साली नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या दोन-तीन वेगळ्या लोंब्या नजरेनेच हेरल्या आणि त्यांतून आपल्या पानातला एचएमटी तांदूळ आला. बियाणे नजरेला सापडले. मिलिमीटर मात्र तिला सापडत नाही. मातीची ओळख शेतकऱ्याला विचारावी आणि तिचे वजन तराजूला!