वाटाण्याचा कोंब आणि काळा पडदा

सिनेमा काढायला भांडवल हवे, पण आपल्याकडे सिनेमा निघू शकतो यावर भांडवलवाल्यांचा विश्वास नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके अशा पेचात होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि कोंबाचे रोज थोडेथोडे चित्रीकरण करत राहिले. महिनाभराची वाढ पडद्यावर बघता बघता झाली. 'अंकुराची वाढ' पाहून पैसे द्यायला माणूस तयार झाला आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' झळकला. आजच्या भाषेत हे प्रेझेंटेशनच. तोंडाने सांगून जे कधीच पटले नसते, तेवढेच फाळक्यांनी दाखवले.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातले चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. सुट्या कागदांवरच्या चित्रांची पोथी, साथीला वीणा, टाळ, हुडूक. प्रसंग बदलला की चित्र बदलते, पण कथा राहते सांगणाऱ्याच्या गळ्यात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडली आणि त्या खेळाला नाव दिले 'शांबरिक खरोलिका'. शंबरासुराची माया आठवावी असे नाव. तिथेही चित्रांना निवेदन आणि गाण्याची जोड होती.

मग बिघडले कुठे? पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकिंटॉशसाठी आले, ते ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शिका तयार करायला. साधन चांगलेच होते. पण चित्राची जागा हळूहळू मुद्द्यांनी घेतली आणि पडदा वक्त्याची वही झाला. एका परिसंवादात मी ऐकलेले वक्ते स्लाइड शब्दन्‌शब्द वाचत होते. ते दुसऱ्या ओळीवर, सभागृह चौथ्या ओळीवर, आणि मागच्या रांगा चहावर! रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांतून हेच दाखवले आहे. चित्र दिसत असताना निवेदन ऐकवले, तर समजायला मदत होते. तेच निवेदन पडद्यावर अक्षरांतही टाकले, की समज उलट कमी होते. चित्र आणि अक्षरे, दोन्हींचा भार बिचाऱ्या डोळ्यांवरच पडतो.

मुद्द्यांनी भरलेल्या स्लाइडची सर्वांत दुःखद नोंद नासाच्या 'कोलंबिया' यानाच्या चौकशी अहवालात आहे. जानेवारी २००३मध्ये उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज स्लाइडवर मांडला. मथळा दिलासा देणारा होता. चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा आणि आदळलेला अंदाजे १९२० घनइंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा, ही बाब मात्र तळाच्या बारीक ओळींत होती. १ फेब्रुवारीला कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. अपघात स्लाइडमुळे झाला असे नव्हे, पण सर्वांत महत्त्वाचा आकडा तिथे असूनही दिसत नव्हता. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्या स्लाइडची केलेली चिरफाड अहवालात छापली गेली.

त्याच संस्थेच्या आधीच्या अपघाताची चौकशी आठवा. 'चॅलेंजर'च्या सुनावणीत, ११ फेब्रुवारी १९८६ रोजी, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी कड्याचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. काढून चिमटा सोडला, तर रबर लगेच पूर्ववत फुगेना. कडाक्याच्या थंडीत उडालेल्या यानाचे काय झाले असेल, हे पेल्याभर पाण्याने सांगितले. ज्या वस्तूविषयी बोलायचे ती हाताशी असेल, तर तिचा फोटो कशाला?

कधी पडदा आणि कधी वस्तू, हे स्वीडिश डॉक्टर हान्स रोसलिंग यांना नेमके कळले होते. २००६च्या टेड व्याख्यानात देशांचे बुडबुडे पडद्यावर दशकांमागून दशके सरकत होते आणि रोसलिंग क्रिकेटच्या समालोचकासारखे त्यांच्यामागे धावत होते. पण लोकसंख्या समजावताना तेच गृहस्थ प्लास्टिकच्या खोक्यांच्या उतरंडी रचत. आकड्यांची चाल दाखवायला ॲनिमेशन, आकडा केवढा ते दाखवायला खोके.

व्हिडिओबद्दल माझे मत जरा कडवट आहे. दोन मिनिटांच्या पुढे गेला की वक्ता पाहुणा होतो आणि परत यजमान व्हायला त्याला धडपडावे लागते. आवाजाची तार आदल्या दिवशी तपासलेली नसेल, तर विचारूच नका.

पॉवरपॉइंटमध्ये एक सोय आहे, फारसे कुणी वापरत नाही. स्लाइड सुरू असताना कीबोर्डवरचे इंग्रजी 'बी' दाबले की पडदा काळा होतो. खोलीतले सगळे डोळे माणसाकडे वळतात. पुन्हा दाबले की चित्र परत.