मणिकर्णिकेची कासवे

वाराणसी येथे गंगा उत्तरवाहिनी होते. नदीच्या पश्चिम तीरावर घाटांची दाट रांग आहे, तर समोरच्या पूर्व तीरावर वाळूचे विस्तीर्ण मैदान. या रांगेच्या साधारण मध्यभागी मणिकर्णिका घाट आहे. मराठी माणसाला हे नाव दोन कारणांनी परिचित आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांचे माहेरचे नाव मणिकर्णिका. आणि या घाटाच्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकर यांचे नाव जोडलेले आहे. मात्र काशीत मणिकर्णिका म्हटले की प्रथम आठवते ते महाश्मशान. येथे रात्रंदिवस चिता जळत असतात. काशीत देह ठेवल्यास मोक्ष मिळतो, या श्रद्धेने दूरदूरच्या गावांतून मृतदेह येथे आणले जातात.

एका देहाच्या पूर्ण दहनास कित्येक मण लाकूड लागते. ज्याच्या घरी ते विकत घेण्याची ऐपत नाही, त्याची चिता लहान रचली जाते आणि देह अर्धवट जळतो. उरलेला भाग नदीच्या स्वाधीन केला जातो. याखेरीज लहान मुले, संन्यासी, सर्पदंशाने मृत्यू पावलेल्या व्यक्ती यांचे दहन न करता जलसमाधी देण्याची जुनी प्रथा आहे. श्रद्धा आणि दारिद्र्य या दोहोंचा भार अशा रीतीने एकाच प्रवाहावर पडत आला.

हा भार पूर्वी नदीतील काही प्राणी हलका करीत असत. त्यांतील एक महत्त्वाचा प्राणी म्हणजे गंगेचे मृदुकवची कासव. कासवाची पाठ दगडासारखी टणक असते, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्याकडील देवळांच्या सभामंडपातील दगडी कासवही तसेच दिसते. हे कासव मात्र वेगळे आहे. त्याच्या पाठीवर खवल्यांचे कवच नसून चामड्यासारखी कातडी असते. शरीर चपटे, पायांना पडदे आणि तोंडाचा शेंडा नळीसारखा लांबट. वाळूत अंग पुरून, केवळ ही नळी पाण्याबाहेर काढून ते श्वास घेऊ शकते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्वचेतून व घशाच्या अस्तरातून शोषण्याची सोयही त्याला आहे. मासे, शिंपल्यांतील जीव, पाणवनस्पती असे नाना प्रकारचे खाद्य त्याला चालते. शिवाय मेलेल्या प्राण्यांचे मांस ते आवडीने खाते. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ जवळजवळ हातभर किंवा त्याहून अधिक लांब होते.

१९८६ साली वाराणसी येथेच गंगा कृती योजनेचा प्रारंभ झाला. सांडपाण्याच्या वाहिन्या, शुद्धीकरण केंद्रे, हरिश्चंद्र घाटावरील विद्युतदाहिनी अशी कामे त्या योजनेत होती. त्यांच्याच जोडीला एक आगळा उपाय ठरला : नदीत पुन्हा कासवे सोडावयाची. चंबळ व यमुना या नद्यांच्या काठांवरून अंडी गोळा करून आणली गेली, ती सारनाथ येथील केंद्रात उबविण्यात आली आणि पिल्लांना काही काळ वाढवून गंगेत सोडण्यात आले. अशी हजारो कासवे सोडली गेली. त्यांना संरक्षण मिळावे म्हणून १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरचा प्रवाह कासव अभयारण्य म्हणून घोषित झाला. गोड्या पाण्यातील कासवांसाठीचे हे देशातील पहिले अभयारण्य. मणिकर्णिका घाट या पट्ट्यातच येतो. एका बाजूला धगधगत्या चिता, भाविकांची गर्दी, होड्यांची वर्दळ आणि त्याच पाण्यात वन्यजीवांचे अभयारण्य, असे दृश्य जगात क्वचितच आढळेल.

अभयारण्य झाल्यामुळे समोरच्या तीरावरील वाळू उपसण्यास बंदी आली. कासवाच्या दृष्टीने वाळू म्हणजे काय, हे समजण्यासाठी थोडी तुलना उपयोगी पडेल. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे गाव आपणांपैकी अनेकांनी ऐकले असेल. तेथे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे किनाऱ्यावर अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने तेथील घरटी राखण्यास सुरुवात केली. त्या अंड्यांतून सुमारे दीड ते दोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात, व ती लगेच समुद्राकडे धाव घेतात. म्हणजे वाळू दोन महिने राखली तरी एक घरटे वाचते. गंगेच्या मृदुकवची कासवाची अंडी मात्र वाळूत आठ ते दहा महिने राहतात! इतक्या दीर्घ काळात नदीच्या पात्रात कलिंगडांचे वाफे लागतात, गुरे फिरतात, कोल्हे-कुत्री उकरतात, वाळूचे ट्रॅक्टर येतात. आणखी एक भेद अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. सागरी कासवाचे पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातील उष्णतेवर ठरते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात. मृदुकवची कुळात ते आनुवंशिकतेने ठरते. तेव्हा एका जातीचे संरक्षणतंत्र जसेच्या तसे दुसरीस लावून चालत नाही.

वाराणसीच्या प्रयोगाचे फळ काय मिळाले? सोडलेल्या कासवांची संख्या कागदावर मोठी होती; पण नदीत कासवे फारशी दिसेनात. याचे नवल वाटावयास नको. कासव सावकाश वाढते. मादीला पहिली अंडी घालण्यास कित्येक वर्षे लागतात, आणि त्याआधीच ती जाळ्यात सापडली तर सारे श्रम वाया जातात. या कासवांच्या मांसाचा व पाठीच्या कडेच्या वाळविलेल्या कूर्चेचा चोरटा व्यापार उत्तर भारतात मोठा आहे. जानेवारी २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात पोलिसांनी एकाच छाप्यात सहा हजारांहून अधिक जिवंत कासवे पकडली. हा व्यापार कायद्याने गुन्हा आहे. गंगेचे मृदुकवची कासव तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

मूळ कल्पनेविषयीही एक शंका घेता येते. गंगेच्या प्रदूषणात सर्वांत मोठा वाटा शहरांच्या सांडपाण्याचा आहे, मृतदेहांचा नव्हे. सांडपाणी कासव खाऊ शकत नाही. त्याला नदीचा सफाई कामगार ठरविताना, त्याला स्वतःला राहण्यायोग्य पाणी हवे, ही गोष्ट मागे पडली असे वाटते.

पुढे वाद वाळूवरून वाढला. उपसा बंद झाल्याने पूर्व तीरावर वाळूचे ढीग साचतात व प्रवाहाचा जोर घाटांच्या पायावर येतो, अशी तक्रार होऊ लागली. वस्तुतः नदी जेथे वळते तेथे वळणाच्या आतील बाजूस वाळू साचणे आणि बाहेरील बाजू झिजणे हा तिचा स्वभावच आहे. हल्दियापासून प्रयागराजपर्यंतच्या राष्ट्रीय जलमार्गाची योजना याच प्रवाहातून जाते, आणि २०१८ मध्ये रामनगर येथे मालवाहू जहाजांचे बंदरही सुरू झाले. अखेर २०२० साली या पट्ट्याचा अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. त्याऐवजी वरच्या अंगास, प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या जिल्ह्यांतील सुमारे ३० किलोमीटरचा प्रवाह राखीव झाला. तेथे घाटांची गर्दी नाही, ही जमेची बाजू होय.

कासव सोडणे आणि त्याचा अभ्यास करणे, या दोन गोष्टी आता अधिक जवळ आल्या आहेत. लाल मुकुटाच्या छताच्या आकाराचे एक कासव गंगेतून जवळजवळ नाहीसे झाले असून त्याची मुख्य वस्ती चंबळेत उरली आहे. एप्रिल २०२५ मध्ये चंबळेच्या केंद्रातील अशी २० कासवे उत्तर प्रदेशातील हैदरपूर पाणथळ परिसरात आणून सोडण्यात आली. प्रत्येकाच्या पाठीवर ध्वनिसंकेत देणारे लहान यंत्र बसविलेले होते. त्यांचे दोन गट केले गेले : एक बंधाऱ्याच्या वरच्या शांत पाण्यात, दुसरा खालच्या मुख्य प्रवाहात. कोणत्या पाण्यात कासव टिकते आणि कोणत्या पाण्यातून ते निघून जाते, हे त्या संकेतांवरून कळावे, असा त्यामागील हेतू आहे.